पिकअपचा 'टक्' आवाज : घरी खोलावं की मिस्त्रीकडे न्यावं?

भाऊ, तुमचा प्रश्न असा आहे : रावेरहून केळी भरून निघताना पहिल्या गिअरला पिकअपखालून 'टक्' वाजतं, साठच्या पुढे गाडी थरथरते, आणि गॅरेजवाला गिअरबॉक्स उतरवायचं म्हणतोय. मग हे घरीच करू का? मला यात गिअरबॉक्सपेक्षा शाफ्टचा, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या फिरत्या दांड्याचा, संशय जास्त येतो. आधी खाली शिरून बघा.

गाडी सपाटीवर उभी करून चाकांना दोन्हीकडून दगड लावा. हँडब्रेक ओढा, न्यूट्रल करा. शाफ्ट हाताने उलटसुलट फिरवा आणि नजर क्रॉसवर, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या अधिकच्या (+) आकाराच्या सांध्यावर ठेवा. एक बाजू आधी हलून दुसरी उशिरा हलली, तर क्रॉस गेलाय. क्रॉसच्या चार टोकांवर टोपीसारखे कप असतात, त्यांच्या कडेला विटकरी भुकटी दिसली तर बोट लावून बघा, कोरडीठाक लागेल. कपातल्या सुया (बेअरिंगच्या बारीक सळ्या) ग्रीसविना घासल्या की असा गंज बाहेर येतो. शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर मधल्या बेअरिंगचं रबरही दाबून बघा.

एवढंच निघालं तर काम घरचं आहे. पाने, लॉक (कप जागेवर धरणारी रिंग) काढायची पक्कड आणि मजबूत व्हाइस हवा. मात्र खोलण्याआधी दोन्ही फ्लँजवर (शाफ्ट बोल्टने जोडतात त्या चकत्यांवर) आणि शाफ्टच्या दातेरी सरकत्या जोडावर रंगाने खूण कराच. मी पहिल्या वेळी जोडावर खूण केली नव्हती. दाते चुकीचे बसले, दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत आले नाहीत, आणि नवा क्रॉस असूनही धुळ्यापासून लळिंगपर्यंत गाडी थरथरत गेली. शाफ्ट पुन्हा उतरवावा लागला.

कप बसवताना एखादी सुई आडवी पडते. मग लॉकची खाच पूर्ण दिसत नाही. तिथे हातोडा मारू नका, कप काढून सुया ग्रीसने पुन्हा चिकटवा. आणि शाफ्ट निघाला की गिअरमध्ये टाकलेली गाडीही जागची सरकते, म्हणून दगड शेवटपर्यंत राहू द्या.

कन्नड घाटात लोड असताना इंजिन नुसतं रेस होतं आणि गाडी ओढत नाही, असं असेल तर क्लच प्लेट बघावी लागेल. त्यासाठी गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो. एकट्याने, साध्या जॅकवर, हे करू नका. ते वजन छातीवर येतं. मागच्या हाउसिंगमधून घूं-घूं येत असेल आणि ॲक्सिलरेटर सोडताच आवाज बदलत असेल, तर क्राऊन-पिनियन, म्हणजे मागच्या ॲक्सलमधली दातेरी चक्रं. तिथे शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) आणि डायल गेज (बारीक माप घेणारं घड्याळ) यांचं काम असतं. मी पंधरा वर्षं गाड्या खोलतोय, तरी ते मिस्त्रीकडेच देतो.

दिवसही बघून ठरवा. कापलेला माल बांधावर पडलाय आणि गाडी एकच आहे, अशा दिवशी क्रॉससुद्धा घरी खोलू नका. गाडी दोन दिवस मोकळी असेल तेव्हा सकाळी ऊन चढायच्या आत सुरू करा.

क्रॉसला निपल (ग्रीस भरायचं तोंड) असेल तर चारही कपांतून ग्रीस डोकावेपर्यंत गन मारा. पहिली लोडची खेप करून आलात की फ्लँजचे बोल्ट पुन्हा आवळा.