बॅकअप रोज होतोय, पण जातोय कुठं?

प्रश्न : अंबड एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, जॉबची ड्रॉइंग आणि बिलं उबंटूच्या (लिनक्स) पीसीवर असतात. रोज रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम चालवणारा प्रोग्रॅम) आरसिंक ही कॉपी करणारी कमांड चालते आणि सगळं नॅसवर (नेटवर्कवरचा डिस्कचा डबा) जातं, म्हणजे जायचं. लॉगमध्ये एरर काहीच नाही, पण नॅसवर मागच्या महिन्याच्याच फाइली दिसतात आणि पीसीची २४० जीबीची डिस्क फुल्ल झालीये. डिस्कची जागा दाखवणारं डीएफ फुल्ल सांगतं, फोल्डरचा साइज मोजणाऱ्या डीयूने फोल्डर मोजले तर निम्मं पण भरत नाही. लाईट जाऊन आली की नॅस दिसत नाही, मग पोरगा सकाळी हाताने माउंट करतो, म्हणजे पीसीच्या एका फोल्डरवर जोडतो. डिस्क गेली का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : डिस्क नाही गेली, नवी घेऊ नका. तुमचा बॅकअप त्याच पीसीवर पडलाय असं मला ९९ टक्के वाटतं.

लाईट आल्यावर पीसी पटकन उठतो, नॅसला वेळ लागतो. तेवढ्यात एफएसटॅबमधलं (बूटच्या वेळी काय जोडायचं त्याची यादी असलेली फाइल) माउंट फेल होतं आणि पीसी न थांबता पुढं बूट होतो. आता नॅस जिथं जोडला जातो ते /एमएनटी/नॅस हे नुसतं रिकामं फोल्डर, पण आरसिंकला त्याचं काय, फोल्डर आहे ना मग तो बिनधास्त त्यातच कॉपी करतो आणि लॉगमध्ये ओके. सकाळी पोरगा माउंट करतो तेव्हा सतरंजी टाकल्यासारखं ते सगळं खाली झाकलं जातं, म्हणून डीयूला दिसत नाही, पण जागा तर खाल्लेलीच आहे आणि ती डीएफ बरोबर मोजतं.

खात्री करायची तर आधी क्रॉन बंद करा, नॅस अनमाउंट करा आणि मग त्याच फोल्डरमध्ये बघा. फाइली दिसल्या की झालं निदान. पण लगेच डिलीट मारू नका हां! आधी परत माउंट करून नॅसवर एक पूर्ण बॅकअप घ्या, दोन-चार ड्रॉइंग तिथून उघडून बघा, मग पुन्हा अनमाउंट करून खालचं उडवा. उडवण्याआधी फाइंडएमएनटी (काय काय माउंट आहे ते दाखवणारी कमांड) चालवा, त्यात नॅस दिसला तर थांबा, नाहीतर नॅसवरचाच बॅकअप उडवाल.

आता परत होऊ नये म्हणून. स्क्रिप्टमध्ये आरसिंकच्या आधी ‘माउंटपॉइंट -क्यू /एमएनटी/नॅस || एक्झिट १’ ही ओळ टाका, माउंट नसेल तर स्क्रिप्ट तिथंच थांबेल. एफएसटॅबमध्ये ‘एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट’ हा ऑप्शन पण द्या (मग वरची ओळ नॅस नसतानाही ‘माउंट आहे’ समजते, पण तेव्हा आरसिंकच एरर देऊन थांबतं), त्याने बूटच्या वेळी नाही तर फोल्डरला पहिल्यांदा हात लागेल तेव्हा माउंट होतं, म्हणजे नॅस उशिरा उठला तरी चालतं आणि पोराचं सकाळचं काम वाचतं. मला स्वतःला आवडतो तो तिसरा उपाय : ऑटोमाउंट लावण्याआधी, अनमाउंट असताना रिकाम्या फोल्डरला ‘चॅटर +आय’ हे कुलूप लावून टाका. मग रूटला (सगळे हक्क असलेला युजर) पण त्यात लिहिता येत नाही, माउंट मात्र नेहमीसारखं होतं.

नॅसचं फोल्डर सांबा शेअर (विंडोज पद्धतीचं शेअरिंग) असेल तर ‘आरसिंक -ए’ने फाइलचा ओनर बदलताना ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ येऊ शकतं, तेव्हा ‘-आरटी’ (फक्त सबफोल्डरसकट फाइली आणि त्यांची वेळ) वापरा, ड्रॉइंगना तेवढं पुरतं.

आणि पीसीला यूपीएस असेल तर त्यावरच नॅस आणि नेटवर्कचा स्विच पण घ्या, त्यांना फार पॉवर लागत नाही.