आधी लेकीला रिझल्ट दाखव, मग अपीलचं बघू

(न्यू जर्सीहून एका आईचं पत्र आलंय, थोडक्यात असं: मुलगी सहावीत. सातवीतच अल्जेब्रा वन (बीजगणिताचा पहिला कोर्स) मिळावं म्हणून दिलेल्या प्लेसमेंट टेस्टमध्ये, म्हणजे कुणाला कुठलं गणित मिळणार ते ठरवणाऱ्या परीक्षेत, चार मार्क कमी पडले. शाळेकडे अपील करायचं का यावरून घरात रोज वाद. "हे हुकलं तर एमआयटी, स्टॅनफर्ड विसरायचं का ताई? तिला अजून सांगितलं नाहीये, रिझल्ट यायचाय म्हटलंय, वर्कशीट्स चालूच आहेत.")

अगं, एवढं मोठं पत्र लिहिलंस, त्यात लेकीला सांगितलं नाहीये ही एवढीच ओळ आणि तीसुद्धा जाता जाता! मला तर बाकीचं काही दिसेचना. तीन आठवडे झाले रिझल्टची ईमेल येऊन आणि पोरगी अजून रोज संध्याकाळी त्याच टेस्टची गणितं सोडवतेय?

तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते, ते सोपं आहे. सातवीत नाही मिळालं तर आठवीत अल्जेब्रा वन, नववीत जॉमेट्री, दहावीत अल्जेब्रा टू, अकरावीत प्रीकॅल्क्युलस, बारावीत एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचं, कॅल्क्युलस. एमआयटी स्वतः कॅल्क्युलसपर्यंतचं गणित करून या असं सुचवते आणि तिथपर्यंत ती पोचतेच आहे. सातवीत अल्जेब्रा वन मिळालेली मुलं बारावीत त्याच्याही पुढचं मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस घेतात हे खरं, आणि कॉलेजला अर्ज जातो तेव्हा शाळेच्या काउन्सेलरला तुमच्याच शाळेतल्या बाकीच्या मुलांच्या तुलनेत हिने किती अवघड विषय घेतले ते कळवावं लागतं हेही खरं, तेव्हा तुझी भीती अगदीच खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण वाटा बंद होत नाहीत गं. पुढे तिला गोडी लागली तर बऱ्याच शाळांत समरमध्ये जॉमेट्री करता येते, नाहीतर एका वर्षात जॉमेट्री आणि अल्जेब्रा टू दोन्ही घेतात मुलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी शाळांनी २०१४ मध्ये आठवीतलं अल्जेब्राच काढून टाकलं होतं, ते परत आणायचं ठरायला २०२४ उजाडलं, मधल्या वर्षांत तिथल्या कितीतरी मुलांनी असंच काहीबाही करून कॅल्क्युलस गाठलं.

आता लेकीचं. तिच्या वर्गातल्या सगळ्यांचे रिझल्ट आलेत ना? मग बसमध्ये, लंचला पोरं एकमेकांना विचारतच असणार, तुला कुठलं मॅथ मिळालं, आणि ही एकटीच रोज सांगत असणार की माझा अजून आला नाही. अकरा वर्षांच्या मुलीला एवढं कळत नाही असं वाटतं तुला? मला विचारशील तर तिला कधीच कळलंय आणि ती तुमचं मन राखायला गप्प बसून गणितं सोडवतेय. हे वाचून माझ्या पोटात तुटलं, आणि रागही आला, तुझा आणि तुझ्या नवऱ्याचाही. तिच्या टेस्टचा निकाल तिचा आहे, तो तुम्ही दोघांनी दाबून ठेवलात आणि वर त्यावर भांडताय!

चार मार्कांनी काही बिघडलं नाही. पण माझा निकाल इतका वाईट आहे की आईबाबांना तो मला सांगवतसुद्धा नाही, हे एकदा तिच्या मनात बसलं तर नववीत एखाद्या टेस्टमध्ये सी आला की तीही तुमच्यापासून लपवेल. आणि नववीपासूनचे ग्रेड ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे शाळेच्या गुणपत्रकावर, असतात बरं का, कॉलेजवाले ते बघतात.

तेव्हा आज रात्री जेवणं झाली की टीव्ही, फोन बंद करा, दोघांनी तिच्याजवळ बसा, ईमेल उघडून तिला स्वतःला वाचू दे. आम्ही घाबरलो म्हणून लपवलं, आमचं चुकलं, एवढंच म्हणा, सबबी सांगत बसू नका. रडली तर रडू दे, लगेच समजूत काढायला धावू नकोस. वर्कशीट्स आजपासून बंद. अपीलची मुदत शुक्रवारपर्यंत आहे म्हणतेस, म्हणजे तिला विचार करायला चार दिवस मिळतात. अपील करायचं का ते तिला विचार, आणि ती नको म्हणाली तर करू नका.