‘मी स्की करते’ म्हणायला कोणता उतार उतरावा लागतो?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. म्युनिकला राहता, काही वर्षं नेमाने डोंगरात जाता, निळे म्हणजे सोपे उतार आरामात उतरता, मधल्या पातळीच्या लालांपैकी सोपे जमतात, सगळ्यांत अवघड काळ्यांच्या वाटेला जात नाही. ऑफिसात कोणी विचारलं की तोंडातून निघतं, "छे, असंच आपलं थोडंसं." सात वर्षांची लेक भुर्रकन पुढे जाते. आता कंपनीची स्की ट्रिप आलीय आणि पोटात गोळा. आपण स्कीअर नाहीच, नुसते भाड्याचे बूट घालून तिथं वावरतो, असं वाटायला लागलंय. आणि शेवटी विचारलंय की स्वतःचे स्की घ्यावेत का.

मीही तिशी उलटल्यावर त्याच भागात शिकले. आजही लाल उताराच्या पुढे जात नाही, आणि जायचा विचारही नाही. म्हणून हे उत्तर कुठल्या एक्सपर्टचं नाही, तुमच्याच इयत्तेत बरीच वर्षं बसलेल्या बाईचं आहे.

आधी रंगांचं बघू, कारण तुम्ही स्वतःला त्यावरच मोजताय. जर्मनी-ऑस्ट्रियात निळा म्हणजे साधारण २५ टक्क्यांपर्यंतचा उतार, लाल ४० टक्क्यांपर्यंत, त्यापुढे काळा. मधे एखादा छोटा तुकडा जास्त उभा असला तरी चालतो. म्हणजे रंग मोजतो फक्त डोंगराचा कल. बर्फ कसा आहे, गर्दी किती आहे, उजेड आहे की नाही, यातलं काहीही त्यात नाही. शनिवारी दुपारी चारला दरीत उतरणारी शेवटची पिस्ट, म्हणजे स्कीसाठी तयार केलेली वाट, आठवा. दिवसभर घासून मधे बर्फाचे काचेसारखे पट्टे, कडेला भुसभुशीत ढिगारे, पाय थकलेले, आणि सगळा डोंगर एकदम घरी निघालेला. नकाशावर ती निळी असते. सकाळी नऊला नुकतंच यंत्र फिरवून सपाट केलेल्या लाल उतारापेक्षा ती कितीतरी अवघड. तिथं अडखळलात म्हणून "मला निळंसुद्धा येत नाही" असं म्हणत असाल तर हिशेबच चुकतोय. मी अशा वेळी सरळ गोंडोलात, म्हणजे तारेवरच्या डब्यात, बसून खाली येते. त्या गोंडोलात बव्हेरियन आजोबाही असतात, आणि ते लहानपणापासून स्की करत आलेले असतात.

तुम्ही तुलना कोणाशी करताय तेही बघा. तुमचे सहकारी तिसऱ्या-चौथ्या वर्षी स्कीवर उभे राहिले, मग शाळेचा स्की कॅम्प, मग दर सुट्टीत आजोळच्या डोंगरावर. आपण बर्फ पहिल्यांदा पाहिला तो फ्रीजरमध्ये. लेकीचंही तेच. ती स्कीशाळेत ‘पिझ्झा’ (स्कीची टोकं जुळवून त्रिकोण) आणि ‘पोमेस’ (फ्रेंच फ्राइजसारखे स्की समांतर) करत शिकली, गुरुत्वमध्य जमिनीपासून हातभर वर, पडली तरी तिला काही होत नाही आणि सोमवारी तिची मीटिंगही नसते. ती पुढे जाणारच. तिच्यामागे धावू नका. डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टच्या तळाशी भेटायचं ठरवा आणि कोर्सच्या शेवटच्या शर्यतीत तिला मेडल मिळालं की जोरात टाळ्या वाजवा.

तुम्ही इथं पूर्वी सह्याद्रीतल्या भटकंतीबद्दल लिहिलं होतंत म्हणून विचारते. दर पावसाळ्यात राजमाची करणाऱ्याला तुम्ही "लिंगाणा केलायस का? नाही? मग तू ट्रेकर नाहीस" असं म्हणाल का? (म्हणणारे असतात, माहीत आहे. त्यांच्याबरोबर कोणी दुसऱ्यांदा ट्रेकला जात नाही.)

आता आत्मविश्वासाचं. "स्वतःवर विश्वास ठेव" या सल्ल्याने उतारावर काडीचा फरक पडत नाही. भीती वाटली की शरीर आपोआप मागे झुकतं, डोंगराला चिकटायला बघतं. मागे झुकलं की स्कीच्या पुढच्या टोकावरचा भार जातो. भार गेला की स्की वळत नाही. वळत नाही म्हणून वेग वाढतो, वेगामुळे भीती वाढते, की आपण आणखी मागे. हे चक्र मनाची समजूत घालून तुटत नाही, नडगीने तुटतं: नडगी बुटाच्या पुढच्या जिभेवर दाबलेली आहे का आणि दोन्ही हात नजरेसमोर आहेत का, एवढंच बघायचं.

आणि एक गोष्ट मुद्दाम शिका, जी मोठ्यांच्या कोर्समध्ये अर्ध्या तासात उरकून टाकतात. आडवं घसरणं. उताराला आडवं उभं राहायचं, स्की समांतर, भार खालच्या स्कीवर जास्त, छाती किंचित दरीकडे. घोटे आणि गुडघे अगदी थोडे दरीकडे सोडले की स्कीच्या कडांची बर्फावरची पकड सुटते आणि स्की खरडत सरळ खाली सरकतात. गुडघे परत डोंगराकडे दाबले की कडा रुततात, तुम्ही थांबता. दोन फूट सरका, थांबा. पाच फूट सरका, थांबा. दोन्ही बाजूंना तोंड करून. दिसायला अगदी बावळट दिसतं, पण हे अंगात मुरलं की कुठलाही उभा तुकडा वळण न घेता उतरता येतो. चुकून भलत्याच पिस्टवर आलात तरी खाली पोचणार, हे एकदा पायांना कळलं की डोकं गप्प बसतं. माझा धीर यातून आला, वेगातून नाही. एक तास खाजगी शिक्षक घ्या आणि फक्त हेच मागा. नवऱ्याकडून शिकू नका. संसार आधी.

हळू जाण्याची लाज वाटते म्हणालात. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे दहा नियम १९६७ पासून आहेत, लिफ्टपाशी फलकावर लावलेले असतात. त्यातला तिसरा सांगतो की मागून येणाऱ्याने आपली वाट अशी निवडायची की पुढच्याला धोका होणार नाही. म्हणजे तुम्ही पुढे असाल तर तुम्हाला चुकवण्याची जबाबदारी त्याची. अपघात कोर्टात गेला तर आल्प्समधली कोर्टंही याच नियमांचा आधार घेतात. तुम्ही कोणाच्या वाटेत नसता, वाट तुमचीही असते. तुमच्याकडून अपेक्षा एवढीच की अरुंद जागी किंवा उंचवट्यामागे न दिसेल असं थांबू नये आणि थांबून पुन्हा निघताना वर बघावं. "सॉरी, सॉरी" पुटपुटत कडेकडेने जाणं बंद करा. कडेला बर्फही वाईट असतो.

मात्र एका ठिकाणी हा कमीपणा किंवा मोठेपणा खरोखर महागात पडतो. भाड्याने स्की घेताना फॉर्मवर वजन, उंची, वय लिहायचं असतं आणि स्कीअरचा प्रकार: १, २ की ३. मागे सहकारी उभे असले की भले भले "२" म्हणतात, एखादा "३". हा शाळेतला गुणांक नाही. बुटाच्या तळव्याची लांबी आणि ही माहिती मिळून बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारा खटका, किती जोरावर सुटायचं ते ठरतं. सावकाश, सौम्य उतारांवर जाणाऱ्यांसाठी १ आहे: बाइंडिंग लवकर सुटतं. कधीतरी उगाचही सुटेल, पण पडल्यावर स्की पायाला अडकून पाय पिरगळण्याचा धोका कमी. उगाच वरचा आकडा सांगितला तर पडताना ते सुटायला जास्त जोर लागतो. पन्नाशीनंतर तर तक्त्यात सेटिंग आपोआप एक पायरी कमी होतं, आणि त्याला कोणी अपमान समजत नाही.

ट्रिपबद्दल. वेगवान लोकांबरोबर जाण्यातली खरी गोची अशी की ते खाली थांबून ताजेतवाने होतात, आपण धापा टाकत पोचतो आणि आपण दिसलो की ते लगेच निघतात. त्यांना विश्रांती प्रत्येक फेरीत, आपल्याला एकदाही नाही. दुपारपर्यंत पाय भरून येतात आणि मग आपल्याला वाटतं आपलं कौशल्यच कमी. आधीच सांगून टाका: "मी निळे आणि सोपे लाल करते, साडेबाराला हुट्टेवर भेटू." (हुट्टे म्हणजे डोंगरावरची खानावळ.) एवढ्या एका वाक्यात तुमची पातळी, तुमचा बेत आणि तुमची ओळख तिन्ही येतात, आणि त्यात कुठेही "थोडंसं" नाही. बहुतेक वेळा कोणीतरी हळूच म्हणतं, "मी पण तुझ्याबरोबर येऊ का?"

आणि हो, स्वतःचे स्की. आत्ता नको. आधी बूट घ्या. भाड्याचे बूट बहुतेकांना सैल मिळतात, टाच आत उचलली जाते, पाय वळतो आणि स्कीला ते उशिरा कळतं. तुमची निम्मी घाबरगुंडी तिथेच असू शकते. दुकानात बुटाचा आतला मऊ भाग काढायला सांगा, नुसत्या कवचात पाय घालून बोटं पुढे टेकवा आणि टाचेमागे किती जागा उरते ते बघा. एक ते दोन सेंटीमीटर ठीक, त्याहून जास्त असेल तर नंबर मोठा. पायात मोजा एकच घाला, तोही पातळ. मग बूट बांधून दुकानातच वीस मिनिटं फिरा, विक्रेता घड्याळाकडे बघायला लागला तरी.