वाचकांचे प्रश्न : अभिनंदन करणारे आणि पुस्तक वाचणारे

प्रश्न : माझी पहिली कादंबरी छापील आणि ई-बुक अशा दोन्ही स्वरूपांत नुकतीच प्रकाशित झाली आहे. मी रोज फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर मुखपृष्ठ व खरेदीची लिंक टाकते. अभिनंदनाच्या कमेंट भरपूर येतात. पुस्तक विकत घेणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. पैसे घेऊन फॉलोअर आणि अभिप्राय मिळवून देणाऱ्यांचेही निरोप येऊ लागले आहेत. काय करावे? – एक नवोदित लेखिका

उत्तर : तुमचे अभिनंदन करणारी मंडळी आणि तुमची कादंबरी वाचू शकणारी मंडळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी लक्षात घ्यायला हवे. फेसबुकच्या वैयक्तिक खात्यावर जास्तीत जास्त ५००० मित्र जोडता येतात आणि त्यांत बहुतांशी नातेवाईक, सहकारी, वर्गमित्र असतात. त्यांचा जिव्हाळा तुमच्याशी आहे. कादंबऱ्या वाचण्याची आवड त्यांतल्या किती जणांना आहे, हा वेगळा प्रश्न. त्यांच्यापुढे रोज तेच मुखपृष्ठ आले, तर काही दिवसांनी ते न पाहताच पुढे सरकतात, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही.

तुमच्या पोस्टमध्ये वाचण्यासारखे काय असते, हेही तपासून पाहा. ‘माझी कादंबरी प्रकाशित झाली आहे, अवश्य वाचा’ या वाक्यात पुस्तकाबद्दल काहीच कळत नाही. समजा, तुमच्या कादंबरीत वाटणीच्या कागदांवर सही करायला आलेली बहीण ऐन वेळी पेन खाली ठेवते, असा प्रसंग आहे. तर पोस्टची सुरुवात थेट त्या खोलीतूनच करावी : कोण कुठे बसले आहे, कोण कोणाकडे पाहायचे टाळते आहे, कागद कोणी पुढे सरकवला. पेन खाली ठेवल्यावर थांबावे आणि शेवटच्या ओळीत पुस्तकाचे नाव द्यावे. पहिल्या दोन ओळींवर विशेष मेहनत घ्यावी, कारण लांब मजकूर असला की सुरुवातीचा थोडाच भाग दिसतो आणि बाकीचा वाचण्यासाठी वाचकाला मुद्दाम क्लिक करावे लागते. इन्स्टाग्रामवर चित्राखालच्या मजकुराला २२०० अक्षरचिन्हांची मर्यादा आहे. एका प्रसंगाला एवढी जागा पुरेशी होते. तिथल्या मजकुरात दिलेली लिंक मात्र उघडत नाही, त्यामुळे ती आपल्या प्रोफाइलमध्ये ठेवावी आणि तसे लिहावे. अनेक नवे लेखक तिथे लांबलचक पत्ता चिकटवून मोकळे होतात. तो हाताने टाइप करण्याचे कष्ट कोणीही घेत नाही.

उतारे देताना एक खबरदारी घ्यावी. तुमचे ई-बुक अ‍ॅमेझॉनच्या केडीपी सिलेक्ट योजनेत, म्हणजे ई-बुक ठरावीक काळ फक्त तिथेच विकण्याच्या योजनेत, असेल, तर ९० दिवसांच्या प्रत्येक मुदतीत त्याची डिजिटल आवृत्ती अन्यत्र उपलब्ध करता येत नाही. नमुना म्हणून सुमारे १० टक्क्यांपर्यंतचा मजकूर देण्याची मुभा असते. प्रकाशकाशी करार झाला असेल, तर त्यातले यासंबंधीचे कलम आधी वाचावे. उत्साहाच्या भरात प्रकरणामागून प्रकरण टाकून नंतर नोटीस वाचत बसण्यापेक्षा हे बरे.

आता अनोळखी वाचकांविषयी. ते आधीपासूनच कुठेतरी पुस्तकांवर बोलत असतात : फेसबुकवरचे वाचनाचे गट, इन्स्टाग्रामवर पुस्तकांविषयी लिहिणारी खाती, किंवा २००७ साली सुरू झालेले आणि २०१३ मध्ये अ‍ॅमेझॉनने विकत घेतलेले गुडरीड्स हे पुस्तकांवर अभिप्राय लिहिण्याचे संकेतस्थळ. अशा ठिकाणी पहिल्याच दिवशी स्वतःच्या पुस्तकाची जाहिरात करणारा लेखक नकोसा होतो, आणि पुष्कळ गटांच्या नियमांत त्याला मनाईही असते. तुमच्या कादंबरीच्या जातकुळीतली जी पुस्तके तुम्हाला खरोखर आवडली, त्यांच्याविषयी तिथे मनापासून आणि तपशिलाने लिहा. ज्याला तुमचे एखाद्या पुस्तकावरचे मत पटते, तो तुमच्या प्रोफाइलवर जातो आणि तिथे त्याला तुमची कादंबरी दिसते. हा मार्ग संथ आहे, पण असा आलेला वाचक बहुधा पुस्तक वाचतोही. ओळखीच्या पन्नास जणांना एका पोस्टमध्ये टॅग करण्याची पद्धत मात्र कृपया सोडून द्यावी. तिने वाचक मिळत नाहीत, उलट अनफॉलो करणारे वाढतात.

फॉलोअर विकणाऱ्यांना सरळ नकार द्यावा. फेसबुक आणि इन्स्टाग्राम दोघांच्याही नियमांत हा प्रकार बसत नाही, आणि त्यात व्यावहारिक फायदाही नाही. पोस्ट किती जणांपुढे न्यायची, हे ठरवताना तिला मिळणारा प्रतिसाद विचारात घेतला जातो; विकत घेतलेली खाती ना वाचत, ना बोलत, त्यामुळे आकडा फुगतो आणि पोस्ट जागच्या जागी राहते. अभिप्रायांचेही तेच. पैसे देऊन लिहवून घेतलेले अभिप्राय अ‍ॅमेझॉनच्या नियमांविरुद्ध आहेतच, पण लेखकाच्या घरच्यांनी किंवा जवळच्या मित्रांनी लिहिलेलेही तिथे चालत नाहीत आणि लक्षात आल्यास काढून टाकले जातात. तेव्हा बहिणीकडून पाच तारे मागू नयेत. तिला पुस्तक एखाद्या वाचणाऱ्या मैत्रिणीच्या हाती द्यायला सांगावे.

प्रश्न : माझ्या कथासंग्रहावर एका अनोळखी वाचकाने अतिशय कडवट अभिप्राय लिहिला आहे. त्यातले काही मुद्दे मला अन्यायकारक वाटतात. जाहीर उत्तर द्यावे का? – एक कथाकार

उत्तर : देऊ नये. नकारात्मक अभिप्रायांना उत्तर देण्याच्या फंदात पडू नका, असा सल्ला गुडरीड्सही लेखकांना देते. तुम्ही उत्तर दिले की चर्चा कथांवरून तुमच्या स्वभावावर घसरते आणि मूळ अभिप्राय ज्यांनी पाहिलाच नव्हता, तेही तो शोधून वाचतात. पाने गहाळ असणे किंवा ई-बुकमध्ये अक्षरे फुटणे अशी तक्रार असेल, तर गोष्ट वेगळी. ती प्रकाशकाकडे पाठवावी, दुरुस्त आवृत्ती अपलोड करवून घ्यावी आणि दुरुस्ती झाल्याची एका ओळीची पोस्ट आपल्या स्वतःच्या पानावर टाकावी, त्या वाचकाचे नाव न घेता.