दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या दक्षिणेत बोर्डिंग हाउसमध्ये, म्हणजे पैसे घेऊन खोली आणि जेवण देणाऱ्या घरांत, अनोळखी लोक एकत्र कसे राहायचे?

अलाबामातल्या मोबिल बंदराचंच घ्या. जहाजबांधणीच्या कामासाठी खेड्यापाड्यांतून एवढी माणसं लोटली, की १९४० ते १९४४ मध्ये त्या काउंटीची (जिल्ह्याची) वस्ती साधारण १ लाख ४२ हजारांवरून २ लाख ३३ हजारांच्या आसपास गेली. घरं कुठून आणणार? ज्याच्याकडे जास्तीची खोली, त्याने ती भाड्याने दिली.

एकच खाट दोघातिघांना पाळीने मिळायची. रात्रपाळीचा माणूस परतला की दिवसपाळीवाला उठून निघायचा. अंथरूण गार व्हायला वेळच नसे. आपल्या गिरणगावातल्या गाळ्यांची आठवण येते ना? खाटेच्या वाटेकऱ्याशी धड ओळखही नसायची.

ओळख व्हायची ती जेवणाच्या टेबलावर. तिथे खरी सत्ता मालकिणीची. तिथेच जेवणाऱ्यांची रेशनची पुस्तकं तिच्या ताब्यात असत. १९४२च्या मे महिन्यात साखर रेशनवर आली, नोव्हेंबरात कॉफी: माणशी पाच आठवड्यांना एक पौंड, म्हणजे दिवसाला एक कपसुद्धा जेमतेम. त्यामुळे कोणी किती चमचे साखर घेतली, यावर सगळ्यांचा डोळा! खिडकीत निळ्या ताऱ्याचं निशाण असलं, तर घरातलं कोणी सैन्यात आहे हे कळायचं. तारा सोनेरी झाला, म्हणजे तो माणूस गेला, की विचारायचं काही उरत नसे.

मात्र हे 'एकत्र' गोऱ्यांपुरतंच. काळ्या कामगारांना अशा घरांत प्रवेश नव्हता, त्यांना आपल्याच वस्तीत दाटीवाटीने राहावं लागे. १९४३च्या मे महिन्यात बारा काळ्या वेल्डरांना बढती मिळाली, तर गोदीत गोऱ्या कामगारांनी दंगल केली.