व्हर्जिनियातल्या कौंटीच्या जुन्या दप्तरांतून सासरच्या घराण्याचा १८५० च्या आधीचा माग कसा काढावा?

१८५० च्या आधीच्या अमेरिकन जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असतं, त्यामुळे तिथे अडून बसू नका. कौंटी कोर्टातली खरेदीखतं आणि मृत्युपत्रं काढा. नवऱ्याने जमीन विकली की बायकोचा हक्कसोड वेगळा नोंदवत, म्हणून तिचं नाव खतात सापडतं. साक्षीदारांची नावंही उतरवून घ्या. ते अनेकदा मेहुणे नाहीतर शेजारी निघतात. मला तर हीच नावं सगळ्यात मोलाची वाटतात. कौंटीची हद्द मात्र तपासाच. कौंटी फुटून नवी झाली, तरी आधीची दप्तरं मूळ कौंटीतच राहिली. केंटकी तर १७९२ पर्यंत व्हर्जिनियातच होतं. यादवी युद्धात दप्तर जळालं असेल, तर रिचमंडच्या राज्य ग्रंथालयात १७८२ पासूनच्या करयाद्या बघा.