परतीच्या बसमधला हिशेब

सुट्ट्या संपल्या की समुपदेशक म्हणून माझ्याकडे येणाऱ्या आईवडिलांच्या बोलण्यात एक वाक्य हमखास येतं: "लोक पैसे साठवून गोव्याला येतात, आणि आम्ही गोव्यात राहून मुलांना कुठं नेत नाही." आलेले असतात ते वेगळ्याच कारणासाठी. मुलाचा अभ्यास, चिडचिड, मोबाइल. पण थोडं मोकळं बोलणं झालं की हे बाहेर येतं, आणि मान खाली घालून येतं. वॉटरपार्क, बोटीची सफर, मॉलमधले खेळ, येताना हॉटेलात जेवण. चौघांचा एक रविवार असा काढला तर महिनाअखेर ओढाताण ठरलेली. न काढावा तर आपण कमी पडतो ही टोचणी.

फोंड्याजवळचं एक कुटुंब याच कोंडीत सापडलं होतं. त्यांच्या परवानगीनं आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून सांगते.

वडील मूळचे कुडाळकडचे, कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. आई घरी शिवणकाम करते. थोरली मुलगी पाचवीत, धाकटा सहा वर्षांचा. तक्रार थोरलीची होती. रविवारी बाहेर निघायचं म्हटलं की तिचं पोट दुखायचं. डॉक्टरांनी तपासून झालं होतं, काही निघालं नव्हतं.

"तिला आमची लाज वाटते, मॅडम," वडील म्हणाले. "वर्गातल्या मुली रिसॉर्टचे फोटो दाखवतात आणि आम्ही नेतो मिरामारच्या किनाऱ्यावर. म्हणून मी ठरवलं, महिन्यातून एकदा तरी मोठ्या ठिकाणी न्यायचंच. एकदा तर मित्राकडून उसने घेतले. तरी हिचं पोट दुखतंच."

मुलाला एकटं समोर बसवून त्याला सुधारण्यावर माझा विश्वास नाही. माझा ओढा आल्फ्रेड ॲडलर यांच्या विचाराकडे आहे. 1920च्या दशकात व्हिएन्नात त्यांनी बालमार्गदर्शन केंद्रं चालवली, तिथं मुलाबरोबर आईवडिलांशी आणि शिक्षकांशीही बोलणं व्हायचं. मूल जे काही करतं ते घरात आपली जागा शोधण्यासाठी करतं, हे त्यांचं म्हणणं मला रोजच्या कामात पटत आलं आहे. त्यामुळे पोट का दुखतं, याच्या आधी मी स्वतःला विचारलं: या पोटदुखीनं घरात काय होतं? उत्तर सरळ होतं. बाहेर जाणं रद्द होतं.

मुलीला मी फक्त मागच्या वेळचा दिवस सुरुवातीपासून सांगायला लावला. जातानाचं तिनं भराभरा सांगितलं. मॉल, सरकता जिना, धाकट्यानं घातलेला गोंधळ. परतीच्या बसपाशी गाडी अडली.

"बसमध्ये काय केलंत?"

"काही नाही, टीचर. बाबा मोबाइलवर कॅल्क्युलेटर काढतात."

"मग?"

"मग आईला विचारतात, पॉपकॉर्न कितीचे झाले? आई सांगते. मग बाबा म्हणतात, असू दे. आणि घर येईपर्यंत बोलत नाहीत."

बराच वेळ ती फ्रॉकची कड बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "पॉपकॉर्न मीच मागितले होते."

या एका वाक्यात सगळी गाठ होती. तिला आईवडिलांची लाज अजिबात वाटत नव्हती. मिरामारच्या वाळूवर तिचं पोट कधीच दुखलं नव्हतं, दुखणं सुरू झालं ते मोठ्या ठिकाणी जायला लागल्यापासून. आईला तारखांवरून आठवायला लावलं तेव्हा तेही जुळलं. आपल्यामुळे खर्च होतो आणि खर्च झाला की बाबा गप्प होतात, हे त्या पोरीनं मनाशी पक्कं केलं होतं. मग तिच्या हातात उपाय एकच: आपण जायचंच नाही. घरच्यांना ती पोटदुखी नाटक वाटत होती. खरं म्हणजे मुलगी आपल्या परीनं घराचे पैसे वाचवत होती. अशा वाक्याची वाट बघायला मी वर्षानुवर्षांच्या कामातून शिकले आहे, आणि ते कानावर पडलं तेव्हा मला मनापासून समाधान वाटलं, हे सांगायला संकोच नाही.

तिला विचारून मी हे आईवडिलांना सांगितलं. वडिलांचा चेहरा उतरला. "पण मी रागावलो नव्हतो, मॅडम. असू दे म्हणालो होतो."

"नव्हताच रागावला. पण तुम्ही गप्प का, हे तिला कोणी सांगितलं नाही. मग उत्तर तिनंच तयार केलं."

मग मी त्यांना विचारलं, "तुम्ही पाचवीत असताना सुट्टीचे दिवस कसे जायचे?"

"आमच्याकडे कुठलं फिरणं? खाडीवर जायचो," ते म्हणाले, आणि तोवर मोजकं बोलणारा हा माणूस सुरू झाला. ओहोटीला कुर्ल्या कुठं दडतात, निवटे नावाचे मासे चिखलावरून उड्या कशा मारतात, खाऱ्या पाण्याचा बांध फुटला की सगळा गाव कसा धावतो. बायको त्यांच्याकडे बघतच राहिली.

"मुलांना माहीत आहे हे?"

"हे काय सांगायचं त्यांना?"

हेच सांगायचं, असं मी ठरवून दिलं. पुढचा रविवार मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर. बेत तिघांनी मिळून आखला: आई, वडील आणि खजिनदार म्हणून थोरली. एका पाकिटात दोनशे रुपये, ते तिच्याकडे. पैशांचं सगळं बोलणं शनिवारी रात्री उरकायचं. परतीच्या बसमध्ये कॅल्क्युलेटर उघडायचा नाही.

पुढच्या भेटीत चौघंही एकदम बोलत होते. फोंड्याहून पणजीच्या बसनं ते जुन्या गोव्यात उतरले. से कॅथेड्रलसमोर वडिलांनी मुलांना विचारलं, "या इमारतीत काय कमी आहे, शोधा." धाकट्यानं ओळखलं: एका बाजूला मनोरा आहे, दुसऱ्या बाजूला नाही. दुसरा 1776 मध्ये कोसळला, हे वडील आदल्या दिवशी वाचून आले होते. तिथून व्हाइसरॉयच्या कमानीखालून फेरीबोटीच्या धक्क्यावर. पायी जाणाऱ्याला फेरीबोटीत तिकीट नसतं. हे कळल्यावर धाकट्यानं पुन्हा एकदा जाऊन यायचा हट्ट धरला, आणि एरवी कुठल्याही हट्टाला कचरणारे वडील आनंदानं "चल" म्हणाले.

पलीकडे ओहोटी होती. कांदळाच्या मुळांजवळ निवटे होते. वडील बांधावर उकिडवे बसले आणि दोन्ही मुलं त्यांच्या दोन बाजूंना. खाजन शेतीत, म्हणजे खाऱ्या पाण्याकाठी बांध घालून केलेल्या शेतीत, पाणी आतबाहेर करायला मानस असते, लाकडी दारांची. भरतीचं पाणी बाहेरून रेटलं की दारं आपोआप मिटतात, ओहोटी लागली की आतलं पाणी त्यांना ढकलून नदीत जातं. थोरलीनं मला हे दोन तळहातांची दारं करून दाखवलं. दोनदा दाखवलं, कारण पहिल्यांदा माझं लक्ष नाही असा तिला संशय आला. जेवण घरचं: चपाती आणि बटाट्याची भाजी, झाडाखाली बसून. परतीच्या बसमध्ये तिनं पाकीट उघडून उरलेले पैसे जाहीर केले आणि ते पुढच्या वेळेसाठी ठेवले.

पोटदुखी त्या दिवशी जादूनं गेली नाही. आणखी काही रविवार अधूनमधून डोकं वर काढत होती, मग विरत गेली. आणि एक गोष्ट ठासून सांगते: मुलाचं पोट वारंवार दुखत असेल तर आधी डॉक्टर, नंतर समुपदेशक.

असे आईवडील समोर बसले की मी त्यांना आधी एवढंच विचारते, की तुमच्यापैकी कोणाला कुठं जायला खरंच आवडतं? मुलांना आवडेल अशी जागा शोधण्यात आपण फार दमतो. मोठं माणूस जिथं रमतं तिथं मूल आपोआप खेचलं जातं. आईला देवळांची आवड असेल तर बांदोड्याच्या नागेशीला जा. तळीतले मासे बघण्यात अर्धा तास जातो, सभामंडपातल्या लाकडी कोरीवकामात रामायणातले प्रसंग मुलांना ओळखायला लावा. वाचणारं घर असेल तर पणजीत पाट्टोवर कृष्णदास शामा ग्रंथालय आहे, 1832 साली सुरू झालेलं, मुलांचा वेगळा विभाग असलेलं. चालायची हौस असेल तर पणजीतल्याच जुन्या फोंताइन्यश वस्तीच्या गल्ल्या आणि आल्तिन्यो टेकडीचा चढ. शिगम्याचे, म्हणजे गोव्यातल्या होळीच्या सणाचे, रोमटामेळ (ढोलताशांच्या नाचत्या मिरवणुका) आणि चित्ररथ रस्त्यावर उभं राहून फुकट बघता येतात. आषाढात माशेलला देवकीकृष्णाच्या देवळापुढं चिखलकाला, म्हणजे चिखलात खेळायचा उत्सव, असतो, तिथं चिखलात लोळलेल्या पोराला कोणी ओरडत नाही. साखळीजवळ हरवळ्याचा धबधबा आणि गुंफा. पावसाळ्यात मात्र धबधब्याच्या किंवा समुद्राच्या पाण्यात मुलांना अजिबात उतरवू नका.

एका दिवशी एकच जागा. पाच ठिकाणं केली की मुलांच्या हाती फक्त घाई लागते. डबा घरून न्या, पण एक छोटी गोष्ट बाहेर विकत घ्यायला ठेवा आणि ती मुलांना निवडू द्या. शेंगदाण्याची पुडी चालते. आठ-दहा वर्षांच्या मुलाला पैसे सांभाळायला द्या. पैसे कमी आहेत हे लपवू नका, मुलं ते पेलतात. त्यांना पेलत नाही ते आपलं न सांगितलेलं गप्प बसणं. आणि महिन्याकाठी एकदा मॉलला जावंसं वाटलं, परवडलं, तर जरूर जा. फक्त खर्च करून झाल्यावर त्याची वसुली मुलांच्या आनंदातून करू नका.

त्या कुटुंबाचा पुढचा बेत नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचा होता. मूळ देऊळ दिवाडीवर होतं, ते पोर्तुगीजांनी पाडलं आणि देव नदीपार नेला गेला. शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये नार्व्याचं देऊळ बांधून घेतलं. बाबा आता नदीच्या त्या बाजूची गोष्ट सांगणार, म्हणून थोरलीनं स्वतः पाकीट तयार केलं होतं. तुम्हीही दिवाडी किंवा नार्व्याला निघालात तर भरती-ओहोटीची वेळ आधी बघा, जुन्या गोव्यात रविवारी सकाळी चर्चमध्ये मिस्सा (प्रार्थना) चालू असते ती संपल्यावर आत जा, आणि परतीच्या बसची वेळ उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवा.